आमची पंचनामा

सुकेशनी कुठल्याही कागदावर आधी तारीख घालायची, मग वेळ, मग जागा आणि मग मजकूर. कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला तिनं स्वतः रंगवलेलं कार्ड दिलं. उजव्या कोपऱ्यात तारीख, त्याखाली 'सकाळी दहा वाजून पाच मिनिटे, केमिस्ट्री लॅबचा जिना', आणि शुभेच्छा संपल्यावर 'उपस्थित: मी, तू आणि झाडू मारणारे काका.' मी इतकी हसले की काकाही झाडू थांबवून बघायला लागले. त्याच दिवशी मी तिचं नाव 'पंचनामा' ठेवलं. दुपारपर्यंत ते वर्गभर झालं. पुढे ज्यांनी ते नाव वाईट तोंडानं घेतलं, त्यांनाही ते माझ्याकडूनच मिळालं होतं, हे आधीच सांगून टाकते.

अशी एक मुलगी प्रत्येक वर्गात असते. तिच्याकडे जादा पेन असतं, सेफ्टी पिन असते, मागच्या तीन वर्षांचे पेपर असतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांना तिची आठवण येते आणि निकालाच्या दिवशी तिचा राग येतो. आमची ही खालापूरच्या बाजूची. तिचे वडील रसायनीला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. दर तासाला तापमान बघायचं, दाब बघायचा, लॉगबुकात आकडा लिहायचा, सही करायची, यात त्यांची सगळी नोकरी गेली. घरीही माणूस तसाच. गॅसचं सिलिंडर कधी लावलं ते सिलिंडरवरच खडूनं लिहिलेलं असे. "लॉगबुकात नाय म्हंजे घडलंच नाय, असं पप्पा म्हणतात," हे ती हसत सांगायची, पण पाळायची मात्र अजिबात न हसता.

मी कशेळ्याच्या अलीकडच्या एका गावातली. आमची भातशेती, घरात बऱ्यापैकी माणसं, शेअर जीपनं कर्जतला यायचं आणि तिथून कॉलेज. सुकेशनी बौद्ध घरातली आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आडनाव ऐकलं, गावातलं घर कुठल्या बाजूला ते ऐकलं, की आमच्याकडे पहिल्या पाच मिनिटांत ते कळतं आणि मग सगळे न कळल्यासारखं करतात. मला त्याचं काही नाही, असं मी स्वतःला सांगत असे. तिच्या डब्यातलं सुकटीचं कालवण मी बोटं चाटून खात असे. घरी मात्र मी कुणाच्या डब्यातलं खाते ते कधी सांगितलं नाही. आईनं विचारलं तर 'मैत्रिणीच्या' म्हणायचं, एवढंच.

लॅबमध्ये आम्ही एका टेबलावर. टायट्रेशन करताना ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत बसायचं, खालच्या फ्लास्कमध्ये गुलाबी रंग आला की थांबायचं आणि आकडा लिहायचा. असं तीनदा. तीनही आकडे जवळपास सारखे यावे लागतात. आम्ही सगळे पहिलं रीडिंग घ्यायचो, दुसरं अर्धवट घ्यायचो आणि तिसरं वहीतच तयार करायचो. सर विचारत नसत, कारण सरांनीही त्यांच्या काळात तेच केलेलं असणार. सुकेशनीचं तिसरं रीडिंग कधी कधी भलतंच यायचं. तरी ती तेच लिहायची, मार्क कापून घ्यायची आणि चौथ्यांदा करायला लागायची. "अगं, बारा पॉइंट चार लिहून टाक ना," मी म्हणायची. ती ब्युरेटवरून डोळे न काढता म्हणायची, "आलं ते लिही गं. आपल्याला काय यायला पाहिजे होतं ते सरांना माहीत हाय."

लिहिताना चूक झाली की ती खोडरबर वापरायची नाही, व्हाइटनर तर नाहीच. चुकीच्या आकड्यावर एकच सरळ रेघ ओढायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला बारीक सही करून तारीख टाकायची. खालचा चुकलेला आकडा नीट वाचता आला पाहिजे, हा तिच्या वडिलांच्या कंपनीतला नियम. माझ्या जर्नलमध्ये मी गिरवून गिरवून आकडे काळे केलेले असत. तिनं एकदा ते पान उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, "खालचं लपवायला गेलीस म्हणून तर सगळ्यांचं लक्ष जातं." मला तेव्हा तिचा कंटाळा आला होता. एवढ्याशा गोष्टीत एवढं खरं वागणारं माणूस शेजारी असलं की आपल्याला उगीच मास्तरांच्या घरी राहायला गेल्यासारखं होतं.

तिची तिसरी खोड म्हणजे पोच. कुणालाही कागद द्यायचा तर दोन प्रती करायच्या आणि दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' असं लिहून शिक्का, सही, तारीख घ्यायची. फ्रीशिपचा अर्ज द्यायला आम्ही एकदा ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाले, ठेव तिथं, बघतो. ती म्हणाली, सर, पोच द्या. ते म्हणाले, शिक्का सापडत नाही. मग ही थांबली. मी कंटाळून कॅन्टीनला जाऊन वडा खाऊन आले, तरी ही खिडकीपाशी उभीच. भांडली नाही, आवाज चढवला नाही, फक्त उभी राहिली. शेवटी शिक्का त्यांच्याच टेबलाच्या खणात सापडला. परत येताना मी तिला म्हटलं की एवढा वेळ घालवलास, तर म्हणाली, "कागद हरवला की अर्ज केलाच नव्हता असं होतं. आमच्या घरात हे दोनदा झालंय." मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तिच्या रसायनशास्त्राच्या वहीची मागची पानं वेगळी होती. ती मी दुसऱ्या वर्षी पाहिली. दिवस, वेळ, जागा, कोण बोललं, काय बोललं, समोर कोण होतं. फ्रीशिपवाल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा कुणीतरी तिचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, खाली 'सरकारचे जावई' लिहिलं आणि हसणारे चेहरे लावले. ते होतं. ती वर्गात पहिली आली तेव्हा मागच्या बाकावरून काय ऐकू आलं, ते होतं. सहलीच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा कशी रिकामी राहिली आणि मग मी तिथं येऊन बसले, हेसुद्धा वेळेसकट होतं. मी म्हटलं, "किती मनाला लावून घेतेस तू." तिनं वही बंद केली. "मनाला लावून घ्यायला नको म्हणून तर लिहिते," ती म्हणाली. "एकदा वहीत गेलं की रात्री झोप लागते मला." मला ते पटलं नाही. मला वाटायचं की मुलं चेष्टा करतात, माझीही करतात, माझ्या गावच्या बोलण्याची करतात. दोन्ही एकच, असं माझं म्हणणं होतं आणि ते मी अगदी ठासून सांगत असे.

ते दोन्ही एक नाही हे तिनं मला समजावलं, पण त्यासाठी आधी ती ग्लासची गोष्ट घडावी लागली.

लॅबच्या बाहेर पाण्याचा कूलर होता आणि त्यावर एकच स्टीलचा ग्लास. सुकेशनी स्वतःची बाटली आणायची, पण त्या दिवशी प्रॅक्टिकल चालू असताना तिची बाटली संपली. ती बाहेर गेली, ग्लास भरला, आम्ही सगळे पितो तशी वरून प्यायली आणि ग्लास जागेवर ठेवून टेबलापाशी आली. आमच्या बॅचमध्ये माझा मामेभाऊ होता, आईच्या चुलतभावाचा मुलगा. त्याचं नाव इथं लिहीत नाही. भीती म्हणून नव्हे, ते जिथं लिहायचं तिथं मी आता लिहिलं आहे. त्यानं बाहेरून तो ग्लास उचलून आत आणला. वॉश बॉटल घेतली आणि डिस्टिल्ड वॉटरनं ग्लास विसळला. एकदा, दोनदा, तीनदा. ब्युरेट वापरण्याआधी कसा विसळायचा ते आम्हाला शिकवलं होतं, अगदी तसा, ग्लास तिरका धरून, गोल फिरवून. मग ग्लास उजेडात धरून बघितला आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असं एक वाक्य बोलला. त्यात सुकेशनीची जात होती, आणि आता प्यायला हरकत नाही असं होतं. काही जण हसले. सर तेव्हा शेजारच्या स्टोअरमध्ये होते.

सुकेशनीनं हातातलं रीडिंग पूर्ण केलं. आकडा लिहिला. फ्लास्क धुतला, ब्युरेट उलटा करून स्टँडला लावला आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसली. मी पाच मिनिटांनी गेले. तिनं दोन पानं लिहून संपवली होती. अक्षर नेहमीचंच, फक्त पेन इतकं दाबून धरलेलं की मागच्या पानावर ओळी उमटल्या होत्या. मी म्हटलं, जाऊ दे गं, मूर्ख आहे तो. तेव्हा ती जे बोलली ते मला आजही शब्दशः आठवतं. "त्यानं माझी बाटली लपवली असती ना, तर ती खोडी. माझ्याशी भांडण म्हणून शिवी दिली असती, तर ते भांडण. माझं आणि त्याचं भांडण नाय, प्रणाली. तो माझ्याशी दोन वर्षांत धड बोलला पण नाय. तो ग्लास त्यानं माझ्या आईमुळं धुतला, पप्पांमुळं धुतला, आमच्या आख्ख्या आळीमुळं धुतला. हा राग माझ्यावरचा नाय, म्हणून तो मी एकटीनं गिळायचा पण नाय."

नोटीस बोर्डाच्या काचेमागे तक्रार समितीच्या नावांचा कागद आम्ही कॉलेजात आल्यापासून पिवळा पडत होता. तो वाचलेली वर्गातली ती एकटीच असावी. अर्ज कुणाच्या नावे करायचा, कुणाला प्रत द्यायची, उत्तर किती दिवसांत मागायचं, तिला सगळं माहीत होतं. मी मात्र घाबरले होते, आणि मला भीती तिच्यासाठी वाटते आहे अशी मी समजूत करून घेतली होती. अर्जाच्या शेवटी 'साक्षीदार' असं लिहून तिनं पेन थांबवलं आणि मला विचारलं, तुझं नाव लिहू का. न विचारता ती कधीच लिहिणार नव्हती. मी म्हटलं, लिही की, त्यात काय. इतक्या सहज म्हटलं की जणू तिला शाई उसनी देत होते. तिनं माझं नाव लिहिलं, आम्ही ऑफिसात गेलो, आणि या वेळी शिक्का लगेच सापडला.

रविवारी दुपारी मामा-मामी आमच्या घरी आले. मामा ओटीवर बाबांशी पावसापाण्याचं बोलत बसले आणि मामी आत चुलीपाशी माझ्याजवळ आली. तिनं आरडाओरडा केला नाही. रडली. पोरगा मस्करीत बोलला, आता पोलीस केस झाली तर त्याचं काय, असं म्हणाली. ती गेल्यावर आई कितीतरी वेळ तांदूळ निवडत राहिली आणि मग खालच्या मानेनं म्हणाली, "माझं म्हायेर तोडशील तू. आन् कुणासाठी, ती काय आपली हाय?" आईला सख्खा भाऊ नाही, भाऊ म्हणायला चुलत एवढा हा एकच. दिवाळीला, लग्नाकार्याला तेवढंच एक दार. मला आईची दया आली. त्याहून जास्त, मला माझी दया आली. या सगळ्यात आपण विनाकारण अडकलो, असं मला खरोखर वाटत होतं.

आणि मग मला वाटलं की मी हे मिटवू शकते. आमच्याकडे भांडणं अशीच मिटतात. दोन्हीकडच्या बायका जातात, बसतात, चहा होतो, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणतात. बांधाची भांडणं मी अशी मिटलेली पाहिली होती. ग्लास धुणं हे बांधाचं भांडण नाही, एवढं सुकेशनीनं जिन्यावर सांगूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी तिला फोन करून म्हटलं, आम्ही येतो. ती 'या' म्हणाली. मी आईला आणि मामीला घेऊन खालापूरला गेले. मामीनं पेढ्यांचा बॉक्स घेतला होता. वाटेत खोपोलीला उतरल्यावर तिनं गाडीवर वडा खाल्ला, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

सुकेशनीचं घर छोटं आणि लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी तिच्या दहावी-बारावीच्या मार्कशीट फ्रेम करून लावलेल्या. तिच्या आईनं आम्हाला गादी टाकलेल्या पलंगावर बसवलं, स्वतः खाली बसली, आणि चहा आला. चांगले कप, बशीसकट, पाहुण्यांसाठी ठेवणीतले. मामीनं कपाकडे बघितलं आणि म्हणाली, "माझा उपास हाय आज." उपासाला चहा चालतो हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. आई म्हणाली, आम्ही आताच पिऊन आलो. मी माझा कप हातात घेतला होता. दोघींनी घेतला नाही आणि मी घेतला तर आई काय म्हणेल, हा विचार करत मी तो धरून बसले, गार होईपर्यंत, आणि मग मीही तो खाली ठेवला. सुकेशनी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, कपाकडे बघितलं.

तिच्या वडिलांचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही. मामीचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुमी एवढ्या लांबून आलात. पण तक्रार आता कॉलेजकडं हाय. ती मागं घ्यायची तर माझ्या पोरीला लिहून द्यावं लागंल की असं घडलं नाय. घडलंय तर ती कसं लिहील?" एवढं बोलून ते उठले आणि बायकोला थांबवून तिन्ही कप त्यांनी स्वतः आत नेले. पेढ्यांचा बॉक्स आम्ही निघताना त्यांनी अदबीनं मामीच्या हातात परत दिला. ग्लास धुतल्याची तक्रार मागे घ्या असं सांगायला आम्ही गेलो होतो आणि तीन कप भरलेले ठेवून आलो होतो. मला हे तेव्हा कळलं नाही असं मी म्हणणार नाही. एसटीत बसल्या बसल्याच कळलं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

समितीसमोर मला पुढच्या आठवड्यात बोलावलं. तीन जण होते. मधल्या मॅडमनी तक्रारीचा कागद माझ्यासमोर सरकवला आणि वाचून घ्यायला सांगितलं. मी वाचलं असं म्हणता येणार नाही, मी फक्त त्यात माझं नाव शोधलं. 'हसणाऱ्यांची नावे' म्हणून चार नावं होती. माझं त्यात नव्हतं. माझं नाव एकदाच होतं, शेवटी, साक्षीदार म्हणून.

तिथं पाचवं नाव असायला हवं होतं. कारण त्या दिवशी लॅबमध्ये मीही हसले होते. फार नाही. तो ग्लास उजेडात धरून बोलला, सगळे हसले, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि माझ्याही तोंडावर हसू आलं, घरच्या माणसाकडे बघून येतं तसं. मग मी वळले तर सुकेशनी माझ्याकडेच बघत होती. तिनं पाहिलं होतं. ज्या मुलीनं कधी तिसरं रीडिंग खोटं लिहिलं नाही, वाढदिवसाच्या कार्डावर झाडू मारणाऱ्या काकांचीही नोंद केली, तिनं ही एक गोष्ट माझ्यासाठी कागदावर घेतली नव्हती. हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या समजलं. आणि समजल्यानंतरही मॅडमनी विचारलं की तो नक्की काय बोलला, तेव्हा मी म्हटलं, "नीट ऐकू आलं नाही मॅडम. बेसिनचा नळ चालू होता."

हसणारे चौघं काय बोलले असतील ते सांगायला नको. समितीनं सगळ्यांचे जबाब जोडून तिला लिहून दिलं की पुरेसा पुरावा नाही, गैरसमजातून प्रकार झाला असावा, दोघांनी सलोख्यानं राहावं. तिचे वडील पोलिसांकडेही जायला तयार होते असं नंतर ऐकलं. तिथंही पहिला प्रश्न समोर कोण होतं हाच असता, आणि समोर मी होते. मामेभावानं मिसळपावची पार्टी दिली, तिला मी गेले नाही. त्याचा मला बरेच दिवस अभिमान वाटायचा, म्हणजे माझी कमाई किती होती ते बघा.

सुकेशनी माझ्याशी बोलायची थांबली नाही. लॅबमध्ये स्टँड दे, पिपेट दे, एवढं बोलायची. डबा मात्र ती आता लायब्ररीच्या मागच्या कट्ट्यावर एकटी खायची. वर्ष संपलं आणि तिनं कॉलेज बदलून घेतलं. शेवटच्या दिवशी माझं जर्नल तिच्याकडे राहिलं होतं ते द्यायला ती आली. मी काहीतरी बोलायला लागले, घरचे, आई, तुला माहीत नाही माझ्यावर किती, असं काहीतरी. तिनं ते सगळं ऐकून घेतलं, तिच्या वडिलांनी मामीचं ऐकलं होतं तसंच. मग जर्नल माझ्या हातात देऊन म्हणाली, "नळ बंद होता, प्रणाली." आणि जिना उतरून गेली. मी घरी जाऊन ते जर्नल चाळलं. माझी गिरवलेली पानं तशीच होती.

आता मी खोपोलीजवळ एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला ट्रेनिंग दिलं की चुकीची नोंद खोडायची नाही, एका रेघेनं छेदायची, वर बरोबर नोंद, बाजूला सही, तारीख. साहेब समजावत होते आणि मी मान हलवत होते, आणि मला लाज वाटत होती. मी लिहिलेल्या नोंदी कारखान्यात नमुना म्हणून नव्या मुलींना दाखवतात. वरचे साहेब कौतुक करतात तेव्हा सांगावंसं वाटतं की हे माझं नाही, एका मैत्रिणीचं आहे. मैत्रीण हा शब्द वापरायचा मला हक्क नाही, म्हणून गप्प बसते. मामेभावाचं लग्न झालं, मी जेवून आले. आईचं माहेर शाबूत आहे.

गेल्या वर्षी खोपोलीच्या स्टँडवर तिचे वडील भेटले. रिटायर झालेत, केस पूर्ण पांढरे. मी तोंड वळवायच्या आत त्यांनीच हाक मारली, प्रणाली ना गं तू. स्टँडसमोरच्या टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले. मी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. त्यांनी ते बघितलं असावं. सुकेशनी नाशिकला एका कॉलेजात शिकवते म्हणाले. तिथल्या तक्रार समितीवरही आहे. मी विचारलं, माझं नाव कधी काढते का. ते म्हणाले, "काढत नाय. पण वही ठेवलीय तिनं अजून." मी पत्ता मागितला. त्यांनी खिशातली छोटी डायरी काढली, पान फाडलं, आधी तारीख घातली, घड्याळात बघून वेळ घातली आणि मग पत्ता लिहून दिला.

तो कागद माझ्या पर्समध्ये तीन महिने होता. मी पत्र लिहायला बसायची आणि माफ कर पासून सुरुवात करायची, आणि दुसऱ्या ओळीत आई यायची, तिसऱ्या ओळीत माझं वय यायचं. सगळी गिरवलेली पानं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी माफीबिफी बाजूला ठेवली आणि जबाब लिहिला. केमिस्ट्री लॅब, गुरुवार, सकाळी सव्वा अकरा. कोण कुठं उभं होतं. ग्लास कितीदा विसळला. तो काय बोलला, शब्द न गाळता. बेसिनचा नळ बंद होता, वॉश बॉटलच्या पाण्याचा आवाज येत नाही, त्यामुळे मला प्रत्येक शब्द ऐकू आला. हसणारे पाच होते. चौघांची नावं तक्रारीत आहेत, पाचवी मी. समितीसमोर मी खोटं बोलले. खाली पूर्ण नाव आणि सही. एक प्रत कॉलेजला पाठवली. इतक्या वर्षांनी ते त्याचं काय करतील मला माहीत नाही, पण पोच मात्र मी जाऊन, खिडकीपाशी उभी राहून घेतली. दोन प्रती नाशिकला पाठवल्या, आणि परतीचं पाकीट माझा पत्ता लिहून, तिकीट लावून आत ठेवलं.

पंधरा दिवसांनी ते पाकीट आलं. आत माझाच कागद होता, दुसरी प्रत. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख, वेळ, 'नाशिक', 'मिळाले' आणि तिची सही. अक्षर अजून तेच. त्याखाली एक ओळ होती: 'वार चुकला आहे. बुधवार होता. बाकी बरोबर.'

आणखी काही लिहिलं आहे का म्हणून मी कागद उलटून बघितला. पाकिटात बोटं घालून बघितलं. काही नव्हतं. मी पेन घेतलं, 'गुरुवार'वर एक सरळ रेघ ओढली, वर 'बुधवार' लिहिलं, बाजूला सही केली आणि तारीख घातली. रेघेखालचा गुरुवार स्वच्छ वाचता येतो आहे.